दवाखाना, तालीम आणि नाटकाचे वेड

मराठी रंगभूमीच्या गेल्या पाऊणशे वर्षांच्या वाटचालीकडे पाहिले असता नावामागे ‘डॉ.’ लावणाऱ्या कलावंतांची संख्या चटकन नजरेत भरते. श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते, काशिनाथ घाणेकर दंतवैद्य होते, जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ आहेत आणि मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ आहेत. या चौघांपैकी एकही जण अभिनयाच्या वा दिग्दर्शनाच्या शाळेत शिकून रंगभूमीवर आला नाही आणि तिच्यावाचून ज्याचे पोट अडले असते असाही त्यांच्यात कोणी नव्हता. तरीही प्रत्येकाच्या आयुष्याचा मोठा भाग नाटकाने व्यापला आणि लागूंच्या बाबतीत तर त्याने मूळचा व्यवसायच बाजूला सारला. माणसाला नाटकाचे वेड लागते कसे, हा प्रश्न मराठी घरांत नवा नाही, कारण निदान एखादा नाटकवेडा नातेवाईक बहुतेक कुटुंबांत असतोच. परंतु ते वेड पुढे चाळीस-पन्नास वर्षे टिकते कसे, हा त्याहून अवघड आणि अधिक उपयोगी प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर व्यक्तीच्या स्वभावापेक्षा तिच्या भोवतीच्या संस्थांत, स्पर्धांत आणि तालमीच्या खोल्यांत शोधावे लागते.

नाटकाचा छंद आणि चरितार्थाचे काम ही दोन्ही एकाच आयुष्यात नांदू शकतात, ही कल्पना मराठी समाजात तशी उशिराच रुजली. विष्णुदास भावे यांनी कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ पाहून आणि सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांचा आश्रय लाभून १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगवले, तेव्हा नाटक हे दरबारी आश्रयाचे अपत्य होते. बेळगावात महसूल खात्यात नोकरी करणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चा प्रयोग केला आणि त्यानंतर नाटक मंडळ्यांचे युग अवतरले. नाटक मंडळी म्हणजे बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव फिरणारी कंपनी. तिच्यात नट, गवई, साथीदार, पडदे रंगवणारे आणि आचारी अशी सारी माणसे एकत्र राहत, एकत्र जेवत आणि मालकाच्या किंवा भागीदारांच्या शिस्तीत वाढत. अशा कंपनीत शिरणे म्हणजे शाळा, घर आणि गाव एकदम सोडणे होय. त्यामुळे ‘मुलगा नाटकात गेला’ हे वाक्य त्या काळच्या मध्यमवर्गीय घरात जवळजवळ अशुभ वार्तेसारखे उच्चारले जाई. ज्याला नाटकाची ओढ होती, त्याच्यापुढे एकतर सर्वस्व देण्याचा किंवा प्रेक्षक म्हणून तिकीट काढून बसण्याचा, असे दोनच मार्ग होते.

ही व्यवस्था १९३० नंतर मोडली. ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट १९३२ मध्ये आला, बोलपटांनी प्रेक्षक ओढून नेले आणि मंडळ्यांचा डोलारा खर्चाखाली कोसळत गेला. मराठी नाटकाच्या इतिहासात हा काळ पडझडीचा म्हणून नोंदला जातो आणि ते खरेच आहे, पण त्या पडझडीतूनच एक वेगळी वाट निघाली, तिच्याकडे मात्र पुरेसे लक्ष जात नाही. कंपनीबाहेर राहून, दिवसा दुसरे काम करून, संध्याकाळी नाटक बसवणाऱ्या माणसांची रंगभूमी याच काळात बळावली. मराठी रंगभूमीच्या शताब्दीनिमित्त १९४० च्या दशकात जे उत्सव झाले, त्यांपैकी मुंबईतील उत्सवामागे मुंबई मराठी साहित्य संघाचे डॉ. अमृत नारायण भालेराव उभे होते आणि गिरगावातील संघाच्या नाट्यगृहाला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. भालेराव हेदेखील व्यवसायाने डॉक्टरच होते, हा निव्वळ योगायोग मानला तरी तो फार बोलका आहे.

अशा रंगभूमीला हौशी रंगभूमी म्हणतात. तिच्यात काम करणाऱ्यांना मानधन मिळत नाही, उलट वर्गणी काढून नेपथ्याचा, म्हणजे रंगमंचावरील दृश्यरचनेचा, आणि नाट्यगृहाच्या भाड्याचा खर्च भागवावा लागतो. व्यावसायिक रंगभूमीत निर्माता भांडवल घालतो, तिकीटविक्रीवर खेळ चालतो आणि नटाला प्रत्येक प्रयोगाचे ठरावीक पैसे मिळतात. नाटकवाल्यांच्या बोलीत या पैशाला ‘नाईट’ म्हणतात, कारण पूर्वी प्रयोग रात्रीच होत. प्रायोगिक किंवा समांतर रंगभूमी ही तिसरी जात. ती पैशाच्या दृष्टीने हौशीच असते, पण नवा विषय, नवी रचना किंवा प्रेक्षकांशी नवे नाते शोधणे हा तिचा घोषित हेतू असतो. पुस्तकांत या तीन प्रकारांच्या सीमा स्पष्ट आखलेल्या दिसतात, प्रत्यक्षात मात्र माणसे तिन्हीकडे सहज ये-जा करतात.

डॉक्टर मंडळी नाटकाकडे का वळली, याचे एक लोकप्रिय स्पष्टीकरण असे की, त्यांना माणसाचे दुःख, भय आणि मृत्यू जवळून पाहावे लागतात आणि त्यामुळे त्यांचा अभिनय सखोल होतो. हे स्पष्टीकरण ऐकायला गोड असले तरी पटण्याजोगे नाही. तसे असते तर जगातील प्रत्येक शहराच्या सरकारी रुग्णालयातून नटांची रांग निघाली असती. पुण्याच्या बाबतीत खरी कारणे पुष्कळ साधी आहेत. ससून रुग्णालयाशी जोडलेले बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय १९४६ मध्ये महाविद्यालय म्हणून सुरू झाले. तिथला अभ्यासक्रम लांब, वसतिगृहातील सहवास दाट आणि वार्षिक स्नेहसंमेलनात नाटक बसवण्याची प्रथा जोमदार. वैद्यकीय पदवीनंतर मिळणारे उत्पन्न बऱ्यापैकी निश्चित, शिवाय स्वतःचा दवाखाना असल्यास वेळेची आखणी काही प्रमाणात आपल्या हाती. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे महाविद्यालय संपल्यावर या तरुणांना सामावून घेणारी संस्था त्याच शहरात उपलब्ध होती. बहुसंख्य महाविद्यालयीन नट पदवीबरोबर रंगभूमीचाही निरोप घेतात, त्याचे कारण त्यांची आवड आटते हे नसून त्यांना पुढे जाण्यासाठी दार नसते हे आहे.

पुण्यातले ते दार म्हणजे ‘प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन’ ही संस्था. नाट्यवर्तुळात ती ‘पीडीए’ या आद्याक्षरांनीच ओळखली जाते. प्रा. भालबा केळकर यांच्या नेतृत्वाखाली १९५० च्या दशकात ती आकाराला आली आणि नोकरी-व्यवसाय सांभाळून नाटक करणाऱ्यांचे ते घरच बनले. वसंत कानेटकर हे नाशिकचे प्राध्यापक. त्यांचे ‘वेड्याचं घर उन्हात’ हे पहिले नाटक पीडीएने रंगमंचावर आणले आणि त्यात श्रीराम लागूंनी प्रमुख भूमिका केली. लेखक प्राध्यापक, दिग्दर्शक प्राध्यापक आणि नट डॉक्टर, अशी ही जुळणी त्या काळच्या हौशी रंगभूमीचे नेमके चित्र उभे करते.

लागूंचे उदाहरण इथे थोडे विस्ताराने पाहणे योग्य ठरेल, कारण नाटकाच्या ओढीची जी कथा सर्वसाधारणपणे सांगितली जाते, तिला ते फारसे जुमानत नाही. सांगितली जाणारी कथा अशी असते की, कोवळ्या वयात एखादा प्रयोग पाहिला, अंगावर काटा आला, त्याच क्षणी आयुष्याची दिशा ठरली. लागूंचा जन्म १६ नोव्हेंबर १९२७ रोजी साताऱ्यात एका डॉक्टरांच्या घरी झाला, शिक्षण पुण्यात झाले आणि नाटकाशी खरा संबंध आला तो वैद्यकीय महाविद्यालयात. त्यानंतर त्यांनी कान-नाक-घसा या विषयात विशेष शिक्षण घेतले, पुण्यात काही वर्षे व्यवसाय केला, पुढील प्रशिक्षणासाठी कॅनडा आणि इंग्लंड गाठले, पुन्हा पुण्यात दवाखाना चालवला आणि १९६० च्या दशकात टांझानियातील टबोरा या गावीही काम केले. भारतात असताना ते पुण्यात पीडीएमध्ये आणि मुंबईत ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेत नाटके करीत राहिले. पूर्णवेळ नट होण्याचा निर्णय त्यांनी घेतला तो १९६९ मध्ये, म्हणजे वयाच्या बेचाळिशीच्या आसपास, आणि संभाजीराजांच्या जीवनावरील कानेटकरांचे ‘इथे ओशाळला मृत्यू’ हे त्या निर्णयानंतरचे त्यांचे पहिले व्यावसायिक नाटक ठरले.

ओढ जाणवणे आणि तिच्यासाठी चरितार्थ पणाला लावणे, या दोन घटनांमध्ये इथे सुमारे वीस वर्षांचे अंतर आहे. या अंतराला भित्रेपणा म्हणणारेही कोणी निघतील. परंतु लागूंच्या बाबतीत ही वीस वर्षे उमेदवारीची होती आणि ती हौशी रंगभूमीवर झाली, यामुळेच त्यांच्या अभिनयाला तो विशिष्ट कस आला, असे मानण्यास जागा आहे. तिकीट खपवण्याची चिंता नसल्यामुळे आणि नाईटवर घर चालत नसल्यामुळे टाळ्यांची वाक्ये ताणण्याची सवय अशा नटाला लागत नाही. आवडलेली संहिता, म्हणजे नाटकाचा लिखित मजकूर, निवडण्याची मोकळीक असते आणि न आवडलेल्या संहितेला नकार देण्याचीही असते. व्यावसायिक रंगभूमीवर आल्यावरही लागूंनी ही मोकळीक सोडली नाही. विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ हे प्रक्षोभक नाटक त्यांनी १९७० मध्ये दिग्दर्शित केले आणि गो. पु. देशपांडे यांचे ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ हे वैचारिक चर्चेने भरलेले नाटकही त्यांनी पुढे रंगमंचावर आणले. यांपैकी कोणतेही नाटक गल्ल्यावर नजर ठेवून निवडलेले नाही, हे उघड आहे.

याच १९७० च्या डिसेंबरमध्ये वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ रंगमंचावर आले. मुंबईतील गोमंतकीयांनी सामाजिक कार्यासाठी स्थापन केलेल्या आणि पुढे नाट्यनिर्मितीत नाव मिळवलेल्या गोवा हिंदू असोसिएशनने त्याची निर्मिती केली आणि पुरुषोत्तम दारव्हेकरांनी दिग्दर्शन केले. गणपतराव बेलवलकर हा रंगभूमीवरून निवृत्त झालेला नट आपले सर्व काही मुलांना वाटून देतो आणि नंतर त्यांच्याच घरांत परका होतो, अशी या नाटकाची गोष्ट आहे. नाटकाच्या वेडाचा विचार करताना या भूमिकेतील एक विरोधाभास नोंदवण्याजोगा आहे. बेलवलकर हा कंपनीच्या परंपरेतला, आयुष्यभर रंगमंचावाचून दुसरे काही न केलेला माणूस आणि ती भूमिका प्रथम गाजवली ती वर्षभरापूर्वीपर्यंत डॉक्टरी करणाऱ्या नटाने. रंगमंच सुटल्यावर माणसाजवळ काय उरते, हा बेलवलकरांपुढचा प्रश्न अशा नटाने दुरूनच अभ्यासलेला असणार, आणि ते दूर असणेच कदाचित त्याच्या कामी आले असावे. भूमिकेचा शारीरिक आणि मानसिक ताण एवढा होता की, पुढे लागूंना ती सोडावी लागली आणि दत्ता भट, सतीश दुभाषी यांच्यासारख्या नटांनी ती पेलली.

ओढ लागते ती नेमकी कुठे, याचा विचार केला तर प्रेक्षागृहापेक्षा तालमीच्या खोलीकडे पाहावे लागते. तालमीचा क्रम सर्वसाधारणपणे ठरलेला असतो. प्रथम सर्वांसमोर संहितेचे वाचन होते, मग भूमिकांचे वाटप, मग बसून केलेल्या तालमी, ज्यांत उच्चार, विराम आणि अर्थ यांवर काम होते. त्यानंतर उभे राहून हालचाली बसवल्या जातात आणि शेवटी वेशभूषा, प्रकाश आणि संगीतासह रंगीत तालीम होते. शाळेचा वर्ग, कोणाचा तरी दिवाणखाना, मंगल कार्यालयाची रिकामी खोली, देवळाचा सभामंडप, अशा मिळेल त्या जागी हे सारे दीड-दोन महिने चालते. नवख्या मुलाला पहिल्या वर्षी भूमिका मिळतेच असे नाही. हातात वही देऊन त्याला प्रॉम्प्टिंगला, म्हणजे विंगेतून नटाला विसरलेले वाक्य सुचवण्याच्या कामाला बसवतात, किंवा रंगमंचावर लागणाऱ्या वस्तूंची, अर्थात प्रॉपर्टीची, यादी सांभाळायला सांगतात. हे काम दुय्यम समजले जाते, पण नाटक शिकण्याची याहून चांगली जागा नाही. वही धरून बसलेला मुलगा तेच वाक्य पन्नास वेळा ऐकतो आणि पन्नास वेळांत त्याचा अर्थ कसा बदलत, रुंदावत किंवा बिघडत गेला, हे त्याच्या कानांवर आपोआप ठसते. एखाद्या संध्याकाळी नट आजारी पडतो, सर्वांचे संवाद पाठ असलेला हाच एक जण असतो, आणि त्याला उभे केले जाते. मराठी रंगभूमीवरील किती कारकिर्दी अशा बदली कामातून सुरू झाल्या असतील, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

प्रयोगातील यश हे तासा-दोन तासांचे असते आणि त्याची चव लवकर विरते. तालमीत मात्र माणसाला इतर आयुष्यात क्वचित मिळणाऱ्या दोन गोष्टी एकत्र मिळतात. चुकण्याची मुभा असते आणि ती चूक उद्या सुधारता येईल याची खात्री असते. रोज रुग्णांच्या बाबतीत चूक न करण्याच्या दडपणाखाली वावरणाऱ्या डॉक्टरला या मुभेचे आकर्षण इतरांपेक्षा अधिक वाटले असेल काय? डॉक्टरांच्या नाट्यप्रेमाचे मानसशास्त्रीय स्पष्टीकरण द्यायचेच झाले, तर दुःखाच्या जवळिकीपेक्षा हे अधिक विश्वासार्ह वाटते, परंतु तोही एक तर्कच होय.

तालमीच्या या सामूहिक शिक्षणाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’. पीडीएने १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात त्याचा पहिला प्रयोग केला. दिग्दर्शक जब्बार पटेल आणि नाना फडणवीसांच्या भूमिकेत मोहन आगाशे असे दोघेही बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून आलेले होते. दिग्दर्शनात साहाय्य करणारे सतीश आळेकर हे जीवरसायनशास्त्राचे पदवीधर असून पुढे अनेक वर्षे ते याच महाविद्यालयात संशोधन अधिकारी होते. भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंद यांचे नृत्यदिग्दर्शन या नाटकाला लाभले. या प्रयोगाचे वैशिष्ट्य म्हणजे माणसांची भिंत. ओळीने उभे राहिलेले ब्राह्मण वेशातील नट गातात, डुलतात, प्रेक्षकांकडे पाठ करून आडोसा निर्माण करतात, क्षणात फुटून गर्दी बनतात आणि पुन्हा भिंत होतात. पडदा, देखावा आणि भाष्यकार ही तिन्ही कामे तीच माणसे करतात. अशा रचनेत एकट्या नटाला चमकायला जागा फारशी नसते. भिंतीतील प्रत्येकाला शेजाऱ्याचा श्वास ओळखून पाय टाकावा लागतो, आणि एकाचा ठेका चुकला तर सगळी ओळ वाकडी दिसते. नायकाची भूमिका न करताही माणसाला नाटकाची कायमची बाधा कशी होऊ शकते, हे या भिंतीत उभे राहून पुढे वेगवेगळ्या व्यवसायांत गेलेल्या आणि तरीही रंगभूमीशी नाते न तोडलेल्या अनेकांवरून कळते.

इतिहासाच्या चित्रणावरून या नाटकाला विरोध झाला आणि एकोणीस प्रयोगांनंतर खुद्द संस्थेच्या अध्यक्षांनी ते थांबवले. नाटक करू इच्छिणारे तरुण बाहेर पडले आणि त्यांनी १९७३ मध्ये ‘थिएटर अकॅडमी’ स्थापन केली. पीडीएच्या दृष्टीने ही फाटाफूट दुःखद होती यात शंका नाही, तथापि हौशी संस्थांच्या बाबतीत फूट हा नेहमीच शेवट नसतो. ‘रंगायन’मधूनही मुंबईत अशीच एक शाखा फुटली होती. अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्या पुढाकाराने १९७१ मध्ये ‘आविष्कार’ उभी राहिली आणि १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात तिने जी चळवळ चालवली, तिने मुंबईतील प्रायोगिक नाटकाला हक्काची जागा दिली. सभागृह लहान होते, सोयी बेताच्या होत्या, पण भाडे परवडणारे होते. नव्या माणसासाठी हाच मुद्दा कळीचा ठरतो. सुलभा देशपांडे याच शाळेत शिक्षिका होत्या आणि ‘आविष्कार’ची ‘चंद्रशाला’ ही मुलांसाठीची शाखा त्यांनी चालवली, हेही इथे लक्षात घ्यावे लागेल, कारण दिवसाचा व्यवसाय आणि संध्याकाळचे नाटक यांच्यात भिंत असलीच पाहिजे असे नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

तालमीपर्यंत माणसे पोहोचतात ती बहुतेक वेळा स्पर्धेमुळे. राज्य शासनाची हौशी नाट्यस्पर्धा १९५४ पासून, म्हणजे महाराष्ट्र राज्य अस्तित्वात येण्याच्याही आधीपासून सुरू आहे, आणि मुंबई-पुण्याबाहेरील केंद्रांवरही ती होत असल्यामुळे लहान शहरांतील संस्थांना दरवर्षी नवे नाटक बसवण्याचे निमित्त मिळते. तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटकही १९६७ मध्ये ‘रंगायन’ने याच स्पर्धेत सादर केले. गमतीचा भाग असा की, त्या नाटकातील पात्रे स्वतःच हौशी नाटकमंडळी आहेत. अभिरूप न्यायालयाचा खेळ करता करता ती आपल्यातल्याच लीला बेणारे या शिक्षिकेची शिकार करतात. छंदाच्या आडून माणसे किती क्रूर होऊ शकतात, हे हौशी रंगभूमीने आपल्याच आरशात पाहिले आणि तेही स्पर्धेच्या मंचावर. नाट्यवेडाचे गोडवे गाणाऱ्यांनी हे नाटक विसरू नये.

महाविद्यालयीन तरुणांसाठी ‘महाराष्ट्रीय कलोपासक’ या संस्थेने पुण्यात १९६३ मध्ये सुरू केलेली पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा हे तर प्रवेशद्वारच झाले. एकांकिका म्हणजे एकाच अंकात पूर्ण होणारे छोटे नाटक. भरत नाट्य मंदिरात पावसाळ्याच्या दिवसांत भरणाऱ्या या स्पर्धेत झगमगीत नेपथ्यापेक्षा लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय यांना महत्त्व दिले जाते, त्यामुळे पैसा नसलेल्या महाविद्यालयालाही बरोबरीची संधी मिळते. ‘अरे आव्वाज कुणाचा’ ही तिथली आरोळी नाट्यगृहाबाहेर पडून सगळ्या महाराष्ट्रात पोहोचली. स्पर्धेमुळे नाटक परीक्षकांच्या आवडीनुसार बेतले जाते आणि धक्कादायक शेवटांचा सुळसुळाट होतो, हा आक्षेप जुना आहे आणि बराचसा खराही आहे, मात्र स्पर्धेची तारीख नसेल तर निम्मी नाटके पहिल्या वाचनापुढे सरकणार नाहीत, हेही कबूल करावे लागते.

या सगळ्या वर्णनात एक असमानता दडलेली आहे. संध्याकाळी सातला सुरू होऊन रात्री अकराला संपणारी तालीम पुरुषाला जितकी सहज परवडते तितकी स्त्रीला परवडत नाही. ‘नाट्यमन्वंतर’ने १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात स्त्रीभूमिका स्त्रियांकडून करवून घेतल्या, ही मराठी नाटकातील मोठी घटना मानली जाते. परंतु रंगमंच खुला झाला म्हणून घर खुले झाले असे नव्हे. घरच्यांची परवानगी, रात्रीची सोबत, लग्नानंतर बदललेले गाव, मुलांची आजारपणे, या कारणांनी किती जणींचे नाटक पंचविशीतच थांबले, हे हौशी संस्थांच्या जुन्या छायाचित्रांकडे पाहिले की ध्यानात येते. आयुष्यभर टिकलेल्या नाट्यवेडाच्या कथा बहुतांशी पुरुषांच्या का असतात, याचे उत्तर प्रतिभेत नाही. त्या पुरुषांच्या घरी दवाखान्यानंतर तालमीला गेलेल्या नवऱ्याची वाट पाहत संसार रेटणारी कोणी तरी होती, हा हिशेब चरित्रांत क्वचितच मांडलेला असतो.

नोकरीचे स्वरूपही इथे निर्णायक ठरले. बँका, विमा कंपन्या, सरकारी कचेऱ्या आणि गिरण्या-कारखाने यांतील ठरावीक वेळेच्या नोकऱ्यांनी मराठी हौशी रंगभूमीला अर्ध्या शतकाहून अधिक काळ माणसे पुरवली. कार्यालयांच्या आपसांतील नाट्यस्पर्धा आणि कामगार कल्याण केंद्रांची नाटके ही त्याचीच फळे होत. पाच-साडेपाचला सुटणारी कचेरी हा या रंगभूमीचा अदृश्य आश्रयदाता होता. आज शहरांतील कामाचे तास लांबले आहेत, प्रवास वाढला आहे, आणि दूरच्या देशातील ग्राहकांच्या वेळेनुसार राबणाऱ्या तरुणाला सलग दोन महिने संध्याकाळी मोकळे राहणे अवघड झाले आहे. तरुण पिढीला नाटकाची आवड उरली नाही, अशी तक्रार करण्यापूर्वी तिच्या संध्याकाळी कोणी घेतल्या, हे पाहिले पाहिजे.

टिकून राहण्याचा एक मार्ग म्हणजे आवडीचे रूप वयानुसार बदलू देणे. मोहन आगाशे यांनी बर्लिनच्या ‘ग्रिप्स’ या बालनाट्याच्या धाटणीची नाटके १९८० च्या दशकात थिएटर अकॅडमीतर्फे पुण्यात सुरू केली. या पद्धतीत मुलांच्या भूमिका प्रौढ नट करतात आणि परीकथांऐवजी मुलांच्या रोजच्या अडचणी रंगमंचावर येतात. आळेकरांनी ‘महानिर्वाण’सारखी नाटके लिहिली ती प्रयोगशाळेतील नोकरी करीत असतानाच आणि नंतर ते पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे प्रमुख झाले, जिथे नाटक पदवीसाठी शिकवले जाते. हौशी रंगभूमीवर घडलेल्या माणसाने औपचारिक नाट्यशिक्षणाची धुरा घ्यावी, यात विसंगती वाटण्याचे कारण नाही.

डॉक्टरांच्या या मालिकेमुळे नाटकाचे वेड हे सुशिक्षित, सुस्थित माणसाचेच लाड आहेत असा समज होऊ नये म्हणून निळू फुले यांचे नाव शेवटी घेणे आवश्यक आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात ते माळीकाम करीत होते आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून, म्हणजे समाजप्रबोधनासाठी गाणी आणि वगनाट्ये करीत गावोगाव फिरणाऱ्या पथकातून, त्यांचे नट म्हणून घडणे झाले. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांना प्रसिद्धी दिली आणि तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ने त्यांच्यातील नटाची दुसरी बाजू दाखवली. त्यांच्यापाशी दवाखान्याच्या उत्पन्नाचा आधार नव्हता, पण पीडीएने लागूंसाठी जे केले, तेच सेवा दलाने फुले यांच्यासाठी केले. पुढे दोघेही व्यावसायिक रंगभूमीवर आणि चित्रपटांत नामवंत झाल्यावर पूर्णवेळ सामाजिक कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देता यावे म्हणून ‘सामाजिक कृतज्ञता निधी’ उभारण्याचे काम निघाले, तेव्हा आचार्य अत्रे यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग नामांकित नटांनी नाईट न घेता गावोगावी केले आणि त्या संचात लागू होते, तसेच निळू फुलेही होते.